चाळीस मिनिटे, अडीचशे शब्द आणि आपली मराठी

परदेशी शिक्षणाला किंवा नोकरीला जाऊ इच्छिणाऱ्या सीमाभागातील मुलामुलींची वाट बहुतांशी हैदराबादवरून जाते. भालकी, औराद, बसवकल्याण, उदगीर, देगलूर, बोधन किंवा आदिलाबाद, कोठूनही निघा. जवळचे मोठे विमानतळ तेथे, अमेरिकेचा वाणिज्य दूतावास तेथे, इंग्रजी प्रावीण्य परीक्षांची केंद्रे तेथे आणि त्या परीक्षांची तयारी करून घेणारे अमीरपेट-दिलसुखनगरातील खासगी वर्गही तेथेच. शहराबाहेरच्या चिलकूरच्या बालाजीला तर लोकांनी ‘व्हिसा बालाजी’ असेच नाव देऊन टाकले आहे. नवस बोलताना अकरा प्रदक्षिणा घालायच्या आणि तो फळाला आला की एकशेआठ, असा तेथील प्रघात आहे. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही. परंतु व्हिसाच्या आधी लेखनाचा जो एक तास येतो, त्या तासात उमेदवाराच्या कामी येते ते त्याचे स्वतःचे डोके आणि ते डोके ज्या भाषेत घडले ती भाषा.

प्रस्तुत लेखाचा विषय तो एक तास आहे. माझे म्हणणे आरंभीच मांडतो. इंग्रजी प्रावीण्य परीक्षेतील निबंध ही जितकी इंग्रजीची परीक्षा आहे, तितकीच ती युक्तिवादाची परीक्षा आहे. युक्तिवाद करण्याची सवय लहानपणी ज्या भाषेत लागायची ती आपल्या मुलांच्या बाबतीत मराठी आहे. ती सवय आपण मराठीत लावत नाही आणि मग तिच्या अभावाचे खापर मराठी शाळेवर फोडतो.

परीक्षेत नेमके काय मागतात?

सर्वांत परिचित परीक्षा आयईएलटीएस, म्हणजे बोलीभाषेत ‘आयेल्ट्स’. ही परीक्षा १९८९ पासून या नावाने घेतली जाते. तिचे श्रवण, वाचन, लेखन व संभाषण असे चार भाग आहेत. लेखनाला साठ मिनिटे. त्यात दोन प्रश्न असतात. पहिल्यात, विद्यापीठीय शिक्षणासाठी परीक्षा देणाऱ्यास, आलेख किंवा तक्ता पाहून किमान १५० शब्दांत वर्णन करावयाचे असते. त्यासाठी वीस मिनिटे सुचविलेली आहेत. दुसरा प्रश्न निबंधाचा. त्याला चाळीस मिनिटे, किमान २५० शब्द आणि पहिल्याच्या दुप्पट वजन. पीटीई नावाच्या दुसऱ्या परीक्षेत निबंधाला वीस मिनिटे मिळतात व मर्यादा २०० ते ३०० शब्दांची आहे. टोफेल या जुन्या परीक्षेने २०२३ च्या जुलैत आपला तीस मिनिटांचा निबंध काढून त्याजागी दहा मिनिटांचा चर्चालेख आणला. वेळ कमी-अधिक झाली तरी मागणी एकच: अनपेक्षित विषय, मोजका अवधी, स्वतःचे मत आणि त्या मताला आधार.

आयईएलटीएसच्या निबंधाचे मूल्यमापन चार निकषांवर होते व चौघांचे वजन समान आहे. पहिला निकष, विचारलेल्या प्रश्नालाच उत्तर दिले आहे काय व भूमिका पुरेशी विकसित केली आहे काय. दुसरा, परिच्छेदांची सुसंगती व विचारांची साखळी. तिसरा, शब्दसंपदा. चौथा, व्याकरणाची विविधता व अचूकता. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. शब्दसंपदा आणि व्याकरण या दोन गोष्टी निव्वळ इंग्रजीच्या आहेत. पहिल्या दोन निकषांसाठी इंग्रजी पुरेसे कळावे लागते हे खरे, परंतु इंग्रजी येत असूनही ते साधतातच असे नाही. प्रश्न समजून घेणे, भूमिका घेणे, ती टप्प्याटप्प्याने सिद्ध करणे हे काम वकील न्यायालयात करतो, शेतकरी ग्रामसभेत करतो आणि आजी भाऊबंदकी मिटवताना करते. म्हणजे निम्मे गुण अशा कौशल्याला आहेत, जे इंग्रजीच्या वर्गात शिरण्यापूर्वीच हाती असू शकते.

पाठ केलेला साचा

चार भागांपैकी लेखनातच सामान्यतः सर्वांत कमी गुण पडतात. ही अडचण इतकी सार्वत्रिक आहे की ब्रिटनच्या परिचारिका नियामक मंडळाने २०१८ च्या अखेरीस परदेशी परिचारिकांसाठी लेखनाची अट सातवरून साडेसहावर आणली. वाचन, श्रवण व संभाषणात मात्र सातची अट कायम ठेवली. या अर्ध्या गुणाची किंमत ज्या घरातील मुलगी परिचारिका होऊन बाहेर जाऊ पाहते, त्या घराला विचारावी. परीक्षेचे शुल्क पंधरा हजारांच्या पुढे गेलेले, त्यात शिकवणीचे पैसे, हैदराबादेतील खोलीचे भाडे आणि पुन्हा बसावे लागले तर पुन्हा तोच खर्च. सोयाबीनच्या एका हंगामाचे सारे उत्पन्न या अर्ध्या गुणात जाऊ शकते.

मग उपाय म्हणून काय केले जाते? साचा पाठ केला जातो. अशा तयारीतून आलेले सरावनिबंध मी पाहिले आहेत. कोणताही विषय द्या, आरंभ ठरलेला: आजच्या युगात हा विषय अत्यंत चर्चेचा झाला आहे. पुढे ठरलेलेच: या प्रश्नाला जशी एक बाजू आहे तशी दुसरीही आहे. शेवट: सारांश, प्रत्येक गोष्टीचे फायदे व तोटे असतात. विषय शहरी वाहतुकीचा असो, वृद्धांच्या संगोपनाचा असो वा अवकाश संशोधनाचा. सांगाडा तोच, मधले चार शब्द बदललेले. परीक्षक असे शेकडो निबंध वाचतो. पाठ केलेला भाग ओळखणे त्याच्या प्रशिक्षणात अंतर्भूत आहे आणि संपूर्ण उत्तरच पाठ केलेले असल्याचे सिद्ध झाले तर प्रसिद्ध निकषांनुसार शून्यही मिळू शकतो. साच्याने फार तर मधल्या पायरीपर्यंत पोचता येते. तेथून वर जाण्यासाठी स्वतःचे म्हणणे असावे लागते.

ही पाठांतराची खोड हैदराबादच्या वर्गांनी लावलेली नाही. आपली मुले ती गावाहूनच बरोबर घेऊन जातात. आपल्या शाळांत निबंध म्हणजे काय? पावसाळ्यातील एक दिवस, मी पंतप्रधान झालो तर, फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त. निबंधांच्या पुस्तकातून दहा उतारे पाठ करायचे आणि विषय जुळला की उतरवायचे. महाराष्ट्राच्या दहावीच्या मराठीत प्रसंगलेखन, आत्मकथन व वैचारिक लेखन यांतून एक निवडण्याची मुभा आहे. विद्यार्थी वैचारिकाकडे पाठ फिरवून शाळेतून बाहेर पडू शकतो आणि बहुतेक जण तसेच पडतात. ज्याने आपल्या भाषेत एकदाही एखादे मत मांडून त्याला आधार दिलेला नाही, त्याने ते परक्या भाषेत, घड्याळ समोर ठेवून, अडीचशे शब्दांत करावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. या अन्यायाचा पहिला वाटा आपल्या पदरी येतो.

हे अधिकच खटकते, कारण मराठीतील निबंधाचा जन्म वादातून झालेला आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले ते मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मधून जी पत्रे लिहिली ती आपल्याच समाजाशी केलेला वाद होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तिचे तर नावच निबंधाचे आहे. यांची मते पटोत वा न पटोत, मत मांडून त्यासाठी भांडणे म्हणजे निबंध हे त्यांना ठाऊक होते. त्या परंपरेचे वारस आज फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त लिहीत बसले आहेत.

एक विषय घेऊन पाहू

परीक्षेत शोभेल असा एक प्रश्न घेऊ: स्त्रियांना सार्वजनिक बसप्रवास मोफत असावा, असे काहींचे मत आहे; आपण कितपत सहमत आहात? साच्याने लिहिणारा विद्यार्थी लिहील की स्त्रिया समाजाचा कणा आहेत, तथापि सरकारवर भार पडतो, सबब समतोल साधावा. यात खोटे काही नाही, पण हाती लागण्यासारखेही काही नाही.

आता सीमाभागातील मुलीकडे पाहा. महाराष्ट्राने १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे केले. कर्नाटकाने ११ जून २०२३ रोजी ‘शक्ती’ योजनेखाली साध्या बसचा प्रवास मोफत केला. तेलंगणाने ९ डिसेंबर २०२३ पासून ‘महालक्ष्मी’ योजनेत तसेच केले. एकाच वर्षात तीन राज्यांनी तीन निर्णय घेतले आणि या तिन्ही राज्यांत जिचे नातेवाईक आहेत, कॉलेज एका राज्यात व आजोळ दुसऱ्या राज्यात आहे, तिच्याजवळ या प्रश्नाचा असा पुरावा आहे जो पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याजवळ नाही. भाडे शून्य झाल्यावर कोणाची आई पहिल्यांदा एकटी तालुक्याच्या दवाखान्यात गेली, बसमध्ये गर्दी किती वाढली, फेऱ्या वाढल्या की नाही, रिक्षावाल्यांचे काय झाले, हे तिने डोळ्यांनी पाहिले आहे.

हा पुरावा मांडायचा कसा? आपल्या शास्त्रचर्चेत त्याची रीत फार जुनी आहे: आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष, शेवटी सिद्धान्त. पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडणे: मोफत प्रवासाचा पैसा तिकिटाऐवजी सर्वांच्या करातून येतो, सबब तो नव्या गाड्यांवर खर्च झाला तर स्त्रियांसह सर्वांचाच लाभ होईल. उत्तरपक्ष म्हणजे त्याचे खंडन: गाड्या असूनही जिच्या हाती भाड्याचे पैसे नाहीत तिला त्या गाड्यांचा उपयोग नाही, घरातील पैशावर जिचा हक्क नाही, तिच्यासाठी शून्य भाडे म्हणजे परवानगी न मागता घराबाहेर पडण्याची सोय. सिद्धान्त: मोफत प्रवास असावा, मात्र फेऱ्या वाढविण्याच्या अटीसह. भूमिका झाली, कारण झाले, आक्षेपाचा परिहार झाला, मर्यादाही सांगून झाली. कागदावर हे पाच मिनिटांत पाच ओळींत मराठीत टिपता येते. परीक्षेत टिपणे कोणत्या भाषेत काढली हे कोणी पाहत नाही. तपासले जाते ते केवळ उत्तर. उरलेल्या पस्तीस मिनिटांतील तीस लेखनाला आणि पाच तपासणीला द्यावीत.

आम्ही वकील दाव्याचे कामकाज याच पद्धतीने चालताना पाहतो. वादी दावा मांडतो, प्रतिवादी कैफियत देतो, न्यायालय मुद्दे काढते, प्रत्येक मुद्द्यावर कारणासह निष्कर्ष देते आणि अखेर हुकूम करते. चांगले निकालपत्र म्हणजे चांगला निबंधच होय. जो मुद्दे न काढता थेट हुकूम लिहितो, त्याचा निकाल अपिलात टिकत नाही. जो मुद्दे काढूनही हुकूम करत नाही, त्याने निकालच दिलेला नसतो. ‘प्रत्येक गोष्टीचे फायदे व तोटे असतात’ हा दुसऱ्या प्रकारचा निबंध.

मराठीतून इंग्रजीत उतरताना

मराठीत विचार केल्याने इंग्रजी बिघडत नाही काय, असा प्रश्न येईल. बिघडते, परंतु ठरावीक जागी बिघडते आणि त्या जागा माहीत असल्या तर सावरता येते.

पहिली जागा शब्दसंख्येची. ‘पुस्तक टेबलावर आहे’ या मराठी वाक्यात तीन शब्द आहेत. इंग्रजीत ‘द बुक इज ऑन द टेबल’ असे सहा होतात. आपले विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, इंग्रजीची स्वतंत्र उभी राहतात. म्हणून इंग्रजीतील अडीचशे शब्द हा मराठीच्या मानाने लहान मजकूर आहे. त्यात दोन मुद्दे नीट बसतात, पाच कोंबता येत नाहीत.

दुसरी जागा ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ या उपपदांची. मराठीत त्यांना समकक्ष असे सक्तीचे शब्द नाहीत. आपण ‘एक’ किंवा ‘तो’ गरज पडली तरच वापरतो. म्हणून ती गळतात, किंवा भीतीपोटी प्रत्येक नामापुढे ‘द’ येते. तपासणीच्या पाच मिनिटांत एक फेरी केवळ यासाठी राखावी.

तिसरी जागा वाक्याच्या लांबीची. ‘सकाळी उठून, आवरून, डबा घेऊन, बस पकडून ती कॉलेजात पोचली’ हे निर्दोष मराठी वाक्य आहे. ‘ऊन’ प्रत्ययाची ही माळ इंग्रजीत तशीच ओवली की वाक्य कोसळते. तेथे ती तोडून दोन-तीन वाक्ये करावी लागतात. चौथी जागा जोर देण्याची. मराठी ‘च’, ‘ही’, ‘तर’ एवढ्याशा निपातांनी अर्थाचा भार हलविते. लिखित इंग्रजीत हे काम पुष्कळदा वाक्याच्या रचनेने करावे लागते. ते साधले नाही की लेखक मोठमोठी विशेषणे वापरतो आणि निबंध कर्कश होतो.

याउलट एका बाबतीत मराठीचा वाचक सुस्थितीत असतो. तथापि, सबब, किंबहुना, परिणामी, याउलट हे शब्द कोठे वापरावेत आणि कोठे टाळावेत हे ज्याला आपल्या भाषेत कळते, त्याला इंग्रजीतील त्यांचे सोबती नव्याने समजावून सांगावे लागत नाहीत. ज्याला मराठीत कळत नाही, तो इंग्रजीत प्रत्येक वाक्यारंभी एक जोडशब्द डकवतो आणि त्यालाच सुसंगती समजतो.

परीक्षा की भिंत?

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ही परीक्षाच मुळात गोऱ्या देशांनी उभारलेली भिंत आहे, तिच्याशी जुळवून घेण्याची शिकवण कशाला, असे आपल्या चळवळीतील काही मित्र म्हणतात. भाषेची परीक्षा घेऊन माणसे अडविण्याचा इतिहास खरोखर आहे आणि त्याच्या आरंभी हिंदी माणूसच आहे. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने १८९७ मध्ये स्थलांतर निर्बंधाचा कायदा केला. त्यात वंशाचा उल्लेख नव्हता. येणाऱ्याने एखाद्या युरोपीय भाषेच्या लिपीत अर्ज लिहून दाखवावा एवढेच होते. रोख हिंदी लोकांवर होता हे सर्वांना माहीत होते. गांधीजी त्या वेळी तेथेच वकिली करत होते. ब्रिटनचे वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी हाच नमुना इतर वसाहतींना सुचविला आणि ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये पन्नास शब्दांच्या श्रुतलेखनाची परीक्षा कायद्यात घातली. भाषा अधिकारी निवडणार. म्हणजे नको असलेल्याला त्याला न येणारी भाषा द्यायची.

या कायद्याचे हसे झाले ते १९३४ मध्ये. एगॉन किश हा अनेक भाषा जाणणारा पत्रकार ऑस्ट्रेलियात उतरला. त्याला अडविण्यासाठी अधिकाऱ्याने स्कॉटिश गेलिक भाषेत श्रुतलेखन घातले. प्रकरण तेथील उच्चतम न्यायालयात गेले आणि न्यायालयाने ठरविले की गेलिक ही त्या कायद्याला अभिप्रेत असलेली युरोपीय भाषा नव्हे. किश सुटला, स्कॉटलंडचे लोक मात्र संतापले, कारण एका परदेशी माणसाला न्याय देताना त्यांची भाषा मोजणीतून बाहेर पडली होती. कोणती भाषा ‘भाषा’ म्हणून मोजायची हे कचेरीत आणि न्यायालयात ठरते, याचा अनुभव सीमाभागातील वाचकाला वेगळा सांगायला नको. ही परीक्षा १९५८ च्या कायद्याने संपली.

या पार्श्वभूमीवर आजची परीक्षा तपासावी. भाषा आधी माहीत असते, निकष प्रसिद्ध असतात, निकाल अमान्य असल्यास परीक्षेपासून सहा आठवड्यांत फेरतपासणी मागता येते आणि गुण वाढले तर तिचे शुल्क परत मिळते. संगणकावर परीक्षा देणाऱ्याला आता साठ दिवसांच्या आत एकच भाग पुन्हा देण्याची सोयही आहे. हे अधिकार आपल्या मुलांना माहीत नसतात, म्हणून येथे मुद्दाम नोंदवितो. आक्षेपार्ह गोष्टी उरतातच. निकालाची ग्राह्यता दोन वर्षे धरली जाते, जणू माणसाचे इंग्रजी औषधाप्रमाणे कालबाह्य होते. भारतात या परीक्षेचे आयोजन २०२१ पासून एकाच कंपनीकडे आहे, म्हणजे शुल्क पटले नाही तर त्याच परीक्षेसाठी दुसरे दार नाही. यावर जरूर बोलावे. परंतु नाताळच्या कायद्याची भिंत आणि ही परीक्षा यांत भेद न करणे म्हणजे आपल्याच मुलांना चढता येण्याजोगी पायरी दुर्लंघ्य म्हणून दाखविणे होय.

हैदराबादने दिलेला धडा

भाषा आणि ज्ञान यांच्या नात्याचे दोन मोठे प्रयोग हैदराबाद शहरातच झाले. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले, ते उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवून. त्यासाठी १९१७ मध्ये भाषांतर विभाग उभारण्यात आला आणि विज्ञान, कायदा, वैद्यक या विषयांचे ग्रंथ उर्दूत आणले गेले. त्याच वेळी इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवला होता. म्हणजे ज्ञानाचे माध्यम देशी आणि इंग्रजी एक विषय म्हणून भक्कम. या प्रयोगातील अन्याय आपल्या पूर्वजांनी भोगला आहे, कारण संस्थानातील बहुसंख्यांची मातृभाषा उर्दू नव्हती. मराठी, तेलुगू व कन्नड भाषकांना ती शिकूनच वर जावे लागले. म्हणून तर हैदराबादेत विवेकवर्धिनीसारखी संस्था उभारून मराठी शिक्षणाचा दिवा लावावा लागला. तथापि देशी भाषा उच्च शिक्षण पेलू शकते, हे तेथे सिद्ध झाले.

दुसरा प्रयोग १९५८ चा. इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था याच शहरात निघाली. १९७२ मध्ये तिच्यात परकीय भाषा आल्या आणि २००७ मध्ये ती केंद्रीय विद्यापीठ झाली. तिच्या स्थापनेमागील विचार शिक्षक घडविण्याचा होता. इंग्रजी सुधारायचे तर इंग्रजीचा शिक्षक सुधारा. सगळे विषय इंग्रजीत करा असा तो विचार नव्हता.

या भूमीतील पी. व्ही. नरसिंह राव यांचे उदाहरण पाहावे. मातृभाषा तेलुगू, कायद्याची पदवी नागपूर विद्यापीठाची. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही मराठी कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली आणि उत्तरायुष्यात इंग्रजीत कादंबरी लिहिली. एका भाषेत नीट लिहिणारा माणूस दुसरीत लिहू शकतो.

पालकांचा प्रश्न

मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटक सरकारच्या प्रकरणात निर्णय दिला की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालक व पाल्याचा आहे. राज्य मातृभाषेची सक्ती करू शकत नाही. दुसरीकडे घटनेच्या ३५०अ अनुच्छेदाने, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीपासून, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यांवर टाकले आहे. दोन्ही एकत्र वाचले तर अर्थ असा की मराठी शाळा मागण्याचा आधार आपल्याजवळ आहे, परंतु तीत मूल घालण्याची सक्ती आपण कोणावर करू शकत नाही. पालकाला पटवावेच लागेल.

आणि पालकाचा प्रश्न रास्त आहे: माझी मुलगी मराठी शाळेत शिकली तर हैदराबादच्या त्या परीक्षेत ती टिकेल काय? ‘मराठी आपली माय आहे’ हे त्याचे उत्तर नव्हे. इंग्रजी शाळेतील मुलाला कानाची व जिभेची सवय आधी लागते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या इंग्रजी शाळेत शिक्षकालाच इंग्रजीत मनातले सांगता येत नाही, तेथे मुलाला ना धड इंग्रजी मिळते ना विचार करण्याची भाषा, आणि निबंधाच्या तासाला तोही साच्याकडेच वळतो. आपले उत्तर कृतीचे हवे: मराठी शाळेतून बाहेर पडणारी मुलगी स्वतःचे म्हणणे मांडू शकते, हे दिसले पाहिजे.

त्यासाठी सीमाभागातील मराठी शाळा, ग्रंथालये व मंडळे यांच्यापुढे पाच सूचना ठेवतो.

१. आठवीपासून दर महिन्याला एक मराठी निबंध, आधी न सांगितलेल्या वादविषयावर, चाळीस मिनिटांत, वर्गातच लिहून घ्यावा.

२. त्याचे गुण चार भागांत द्यावेत: प्रश्नाला उत्तर, मांडणी, शब्द आणि शुद्धता. सुभाषितांची पेरणी केल्याबद्दल गुण देऊ नयेत.

३. विषय आपल्या परिसरातले असावेत: बसभाडे, पाणीवाटप, दुकानांच्या पाट्या, शाळांचे विलीनीकरण. ज्याचा पुरावा मुलाच्या डोळ्यांसमोर आहे, त्यावरच त्याला मत असते.

४. नववीपासून तोच निबंध त्याच टिपणांवरून पुढच्या आठवड्यात इंग्रजीत लिहून घ्यावा. ‘दर्पण’च्या दोन भाषा तेव्हा एका वहीत येतील.

५. इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाची मागणी कर्नाटक, तेलंगणा व महाराष्ट्र या तिन्ही सरकारांकडे लेखी करावी. त्यासाठी विद्यापीठ हैदराबादेत उभे आहे. दूर जावे लागत नाही.

यांपैकी पहिल्या चार सूचनांना शासननिर्णय लागत नाही, अनुदान लागत नाही, न्यायालयाची तारीखही लागत नाही. एक शिक्षक, एक घड्याळ आणि चाळीस कोरे कागद पुरतात. येत्या शैक्षणिक वर्षात ज्या शाळा हा उपक्रम हाती घेतील त्यांनी जरूर कळवावे. पहिल्या महिन्याचे निबंध तपासायला मी स्वतः येईन.